पुढे चाल म्हणजे कुणाची चाल?

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर कोपऱ्यात अधूनमधून एक ओळ येते. "प्रतिस्पर्धी संघ न आल्याने अमुक शाळेला पुढे चाल मिळाली." तुम्हीही वाचली असेल, आणि पान उलटलं असेल. मला मात्र ती ओळ दिसली की आजही संताप येतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो.

"पुढे चाल" हा शब्दच किती साळसूद आहे बघा. ऐकणाऱ्याला वाटावं, काहीतरी मिळालं. बक्षीसच जणू. प्रत्यक्षात काय झालेलं असतं? एक संघ आलेला असतो, एक आलेला नसतो, आणि खेळ झालेला नसतो. जो आला त्याचा दिवस, भाडं, शिदोरी, उमेद सगळं वाया गेलेलं असतं. त्याच्या हातावर दोन गुण ठेवायचे आणि म्हणायचं, चला, पुढे चाला! जो आला नाही, तो घरी निवांत.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा असलेल्या माझ्या नातेवाईक मंडळींची सोय होईल :-) ठरलेला सामना झाला नाही तर सगळे नियम एकच विचारतात : गुण कुणाला द्यायचे? खरा प्रश्न तो नाहीच. खरा प्रश्न असा की त्या दिवसाची किंमत कुणी भरायची? आज ती आलेला भरतो. हा अन्याय आहे, आणि तो नियमाच्या पुस्तकात बसवलेला अन्याय आहे.

हा विषय आता का निघाला, तेही सांगते. माझा भाचा मँचेस्टरला असतो. त्या शहराला लागूनच सॅल्फर्ड म्हणून गाव आहे. तिथला रग्बी लीगचा क्लब १८७३ सालचा. धंदेवाईक क्लब, खेळाडू पगारी. २०२५ च्या सुरुवातीला क्लब नव्या मालकांच्या हाती गेला, पण पैशाची ओढाताण काही संपली नाही. फेब्रुवारीत मोसमाच्या पहिल्याच सामन्यात मुख्य खेळाडूंना बाजूला ठेवून पोरसवदा संघ उतरवावा लागला आणि सेंट हेलेन्सकडून ८२-० असा मार खावा लागला. पुढे पगार वेळेवर होईनात, खेळाडू एकेक करून निघून गेले. ऑगस्टमध्ये अशी वेळ आली की वेकफिल्डविरुद्धच्या सामन्याला उतरवायला पुरेसे खेळाडूच नाहीत. सामना झाला नाही, वेकफिल्डला विजयी ठरवण्यात आलं. म्हणजे पुढे चाल. डिसेंबरमध्ये थकलेल्या कराच्या दाव्यात कोर्टानं ती क्लबची कंपनीच मोडीत काढली.

भाचा म्हणाला, "मावशी, दीडशे वर्षांचा क्लब गं, आणि सामन्याला माणसं नाहीत!" त्याला क्लबचं वाईट वाटत होतं. मलाही वाटलं. पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. या खेळाचा जन्म कसा झाला ते मी वाचून काढलं, आणि थक्क झाले.

इंग्लंडच्या उत्तरेकडे कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी. आपलं बल्लारपूर-चंद्रपूर डोळ्यांसमोर आणा ना, तसाच मुलूख. तिथले रग्बी खेळणारे मजूर लोक. शनिवारी सामना खेळायचा तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. त्यांच्या क्लबांचं म्हणणं एवढंच की बुडालेली मजुरी आम्ही भरून देतो. रग्बीचा कारभार ज्यांच्या हातात होता ते म्हणाले, छे छे, खेळ हौसेनं खेळायचा असतो, पैसे घेतले तर बाटलात. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी बैठक घेतली आणि ते फुटून निघाले. पुढे त्यातूनच तेरा जणांचा रग्बी लीग हा वेगळा खेळ तयार झाला.

म्हणजे हा अख्खा खेळ एका प्रश्नातून निघाला : खेळाडूचा बुडालेला दिवस कुणी भरायचा? आणि एकशेतीस वर्षांनी त्याच खेळात सामना बुडाला, तर उत्तर काय? गुण घ्या आणि घरी जा.

आता आपल्याकडे या.

१९९० नंतरची गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते. शाळेत क्रीडाशिक्षक नव्हता, म्हणून मुलींच्या कबड्डीचं काम माझ्याकडे. पावसाळी स्पर्धा लागल्या. मैदान आमच्या गावापासून साठेक किलोमीटर. पहाटे निघून आधी काळीपिवळी, मग एसटी, मग चिखलातून चालत. दिवस धानाच्या निंदणीचे. संघातल्या बारापैकी सात-आठ पोरी सुट्टीच्या दिवशी निंदणीला जायच्या, त्यांच्या मजुरीवर घरात तेल-मीठ यायचं. त्यांच्या आयांना मी घरोघर जाऊन विनवलं होतं, एक दिवस सोडा म्हणून. एकीच्या आईनं स्पष्ट विचारलं होतं, "बाई, तिची रोजी बुडल, ते कोन देईन?" मी म्हटलं होतं, पोर खेळून येईल, नाव काढील.

मैदानावर पोचलो. समोरचा संघ आलेला नाही. पंचांनी वाट पाहिली, शिट्टी वाजवली, वहीत लिहिलं. झालं! पाच मिनिटांत कारभार आटोपला. पुढची फेरी आठ दिवसांनी.

मी स्पर्धेच्या ठिकाणी बसलेल्या साहेबांकडे गेले. म्हटलं, निदान मैदान मोकळं आहे तर दुसऱ्या एखाद्या संघाबरोबर एक साधा सामना तरी खेळू द्या, मुली इतक्या लांबून आल्यात. साहेब हसून म्हणाले, "बाई, जिंकल्या ना तुमच्या पोरी? मंग काहून नाराज होता?"

परतीच्या एसटीत एक पोरगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला म्हणाली, "बाई, आमी जितलो म्हनून घरी का सांगू? खेल्लोच नाई तं."

या वाक्यापुढे मला कुठलाही नियम टिकताना दिसत नाही. आठ दिवसांनी पुढच्या फेरीला तिच्यासह तीन पोरी आल्या नाहीत. दुसरी रोजी बुडवायची घरच्यांची तयारी नव्हती. आम्ही हरलो. कागदावर मात्र आम्हाला "पुढे चाल" मिळालेली होती!

तुम्ही म्हणाल, बाई, ही खेड्यातल्या शाळेची गोष्ट, मोठ्या क्रिकेटमध्ये असं होत नाही. होतं तर! महाराष्ट्राच्या क्रिकेटमधली सर्वांत मोठी हळहळ याच जातीची आहे.

डिसेंबर १९४८. पुण्यात रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद. त्या काळी जगातली सर्वांत मोठी खेळी डॉन ब्रॅडमनची, १९३० मधली नाबाद ४५२. आणखी दहा धावा काढल्या की जागतिक विक्रम एका मराठी माणसाच्या नावावर. महाराष्ट्राच्या झाल्या होत्या ४ बाद ८२६. खेळ थांबला आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले की डाव सोडा, नाहीतर आम्ही चाललो. आणि ते खरंच गेले. विक्रम आपल्या संघाविरुद्ध झाला असं पुस्तकात राहायला नको म्हणून!

निकाल? महाराष्ट्र विजयी. गुण महाराष्ट्राला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर. आणि निंबाळकर? दहा धावांनी राहिले. ते कसोटी सामना एकही खेळले नाहीत. २०१२ साली वयाच्या त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते गेले. भारतीय फलंदाजाची सर्वांत मोठी खेळी आजही त्यांचीच आहे, पण तिच्यामागे "राहिलं ते राहिलंच" हे कायमचं चिकटलं. मैदान सोडून कोण गेलं आणि किंमत कुणी भरली? "महाराष्ट्र जिंकला ना, मग नाराज काहून होता" असं निंबाळकरांना म्हणून दाखवा बरं!

आता समोरच्या बाजूचं म्हणणंही घेते. शिक्षकाची सवय.

पहिलं म्हणणं : "प्रत्येक वेळी संघ मुद्दाम चुकवत नाही. कधी येणं शक्यच नसतं."

अगदी खरं. आणि हे मला गडचिरोलीत कुणी शिकवायला नको. पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. बंदची हाक आली की आतल्या भागात एसटी जात नाही. अशा वेळी तिथली पोरं मैदानावर कशी यायची, उडून? पण गंमत पाहा, वहीत त्यांच्या नावापुढेही तेच लिहिलं जातं, "अनुपस्थित". ज्या शाळेच्या सरांनी आळसानं संघ नेला नाही तीही अनुपस्थित, आणि जी पोरं पुलाच्या अलीकडे पाणी उतरायची वाट पाहत भिजत उभी राहिली तीही अनुपस्थित. पूर दरवर्षी येतो हे माहीत असून त्या दिवसांत तारखा कोण लावतं? पुरानं अडलेल्यांच्या नावावर लागलेला शेरा खरं म्हणजे वेळापत्रक करणाऱ्याच्या नावावर लागायला हवा.

न जाण्यातसुद्धा फरक असतो. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारत पोचला होता, समोर दक्षिण आफ्रिका. तिथल्या वर्णभेदामुळे भारतानं खेळायला नकार दिला. चषक आफ्रिकेला न खेळता मिळाला. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते, चषक घरी यायची संधी होती, ती आपण सोडली. याला मी चुकवणं म्हणणार नाही. कारण किंमत आपण आपल्या खिशातून भरली, आणि का भरतो ते जगाला सांगून भरली. माझी कसोटी सोपी आहे. न येणाऱ्यानं स्वतः काय गमावलं? काहीच नाही, असं उत्तर आलं तर समजावं की दुसऱ्या कुणीतरी ते गमावलं आहे.

दुसरं म्हणणं : "मग कडक शिक्षा करा. दंड लावा, बंदी घाला."

हे ऐकायला बरं वाटतं. ९ डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा फुटबॉल सामना होता. बागानच्या एका खेळाडूला पाठीराख्यांमधून आलेला दगड लागला, मैदानाबाहेर दंगल, आणि मध्यंतरानंतर बागानचा संघ उतरलाच नाही. ईस्ट बंगालला ३-० विजयी ठरवलं. बागानवर आधी दोन वर्षांहून अधिक काळाची बंदी आली. मग जानेवारीत ती उठली, आणि त्याऐवजी २ कोटी रुपये दंड आणि तोवर मिळवलेले सगळे गुण शून्य. शिक्षा मोठी, नाही का? पण दंड जातो महासंघाच्या तिजोरीत. तिकीट काढून आलेल्या आणि अर्धाच सामना बघून परतलेल्या माणसाच्या खिशात त्यातला रुपया तरी येतो का?

आणि बंदीचं म्हणाल तर आमच्या मैदानावर न आलेल्या त्या शाळेच्या पोरींचा काय दोष होता? त्यांना कुणी आणलंच नाही. पुढच्या वर्षी बंदी घातली असती तर शिक्षा पुन्हा पोरींनाच. सॅल्फर्डमध्येही पगार थकवला कुणी आणि नाव बुडालं कुणाचं! चुकतो वरचा, भरतो खालचा, ही आपल्याकडची जुनीच रीत तिकडेही आहे असं दिसतं.

मोठ्या लोकांचं भांडण तर शब्दावरच अडतं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच मँचेस्टरला आपला पाचवा कसोटी सामना सुरू व्हायच्या काही तास आधी रद्द झाला. भारतीय ताफ्यात करोना शिरला होता. इंग्लंडच्या मंडळानं आधी भारतानं सामना "सोडला" अशा अर्थाचं लिहिलं, मग ते बदलून "रद्द" केलं. एका शब्दाला एवढं महत्त्व का? सोडला म्हटलं तर नुकसान एकाचं, रद्द म्हटलं तर दुसऱ्याचं, आणि प्रश्न कोट्यवधींचा. शेवटी जुलै २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला तो सामना झाला, इंग्लंड जिंकलं, मालिका २-२ अशी सुटली. ते लोक बलाढ्य, त्यांना सामना परत मिळतो. माझ्या पोरींना कुठलं बर्मिंगहॅम?

मग करायचं काय? उत्तर शोधायला इंग्लंडला जायची गरज नाही. ते आपल्या झाडीपट्टीतच आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या आमच्या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट भरतात, आणि रात्री नाटक असतं. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं. गावचं मंडळ कंपनीला इसार देऊन तारीख पक्की करतं. मग अख्खं गाव त्या एका तारखेला बांधलं जातं. सासरच्या लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, मिठाईची दुकानं लागतात. शेतात खड्डा खणून प्रेक्षकांची बैठक होते, वर मंडप, आणि रात्री दहाच्या सुमाराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवर हजारो प्रयोग केल्याबद्दल.

आता कल्पना करा, त्या दिवशी कंपनी आलीच नाही. मंडळानं काय गावाला सांगायचं, "आपल्याला पुढे चाल मिळाली"? लोक मंडप उपटून टाकतील! म्हणून या धंद्याचा अलिखित कायदाच आहे : खेळ लागला म्हणजे झाला पाहिजे. नट आजारी पडला तर दुसरा उभा राहतो, विंगेतला प्रॉम्प्टर त्याला वाक्यन् वाक्य पुरवतो. प्रयोग थोडा डावा होईल, पण होईल. कारण त्या लोकांना पक्कं ठाऊक आहे की देणं लागतो ते समोर बसलेल्या माणसाचं.

मोठ्या खेळातही एकदा ही बुद्धी सुचली होती. १९९६ च्या विश्वचषकात कोलंबोतल्या बॉम्बस्फोटानंतर ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीजनं तिथं जायला नकार दिला. श्रीलंकेला न खेळता गुण मिळाले. पण तेवढ्यावर न थांबता भारत आणि पाकिस्तानच्या खेळाडूंचा एक मिळून संघ तयार झाला आणि १३ फेब्रुवारीला कोलंबोत जाऊन खेळला. अझरुद्दीन कर्णधार, सचिन आणि वसीम अक्रम एकाच संघात! त्या सामन्याला गुण नव्हते, चषक नव्हता. तरी लोकांना खेळ मिळाला, आणि आम्ही तुमच्याकडे आलो हा शब्द मिळाला. (महिनाभरानं लाहोरला त्याच ऑस्ट्रेलियाला हरवून श्रीलंकेनं विश्वचषक जिंकला, हे जाता जाता.)

तर माझ्या मागण्या अशा. गावच्या कबड्डीपासून मोठ्या क्लबापर्यंत सगळ्यांना लागू.

१. येणार नसाल तर समोरचा संघ घरून निघायच्या आत कळवा. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, ही सबब संपली.

२. आलेल्या संघाचं भाडं, जेवण आणि ज्यांची बुडते त्यांची रोजी त्याच दिवशी, त्याच मैदानावर द्या. आयोजकांनी द्यावी आणि मग न आलेल्या शाळेच्या व्यवस्थापनाकडून किंवा क्लबच्या मालकाकडून वसूल करावी. खेळाडूंकडून नाही.

३. वहीत नुसतं "अनुपस्थित" लिहू नका, कारण लिहा. पूर की आळस, पगार थकला की मानापमान. आणि ती वही वर्षाअखेरीस सगळ्यांना वाचायला द्या.

४. सर्वांत महत्त्वाचं : आलेल्यांना खेळवल्याशिवाय परत पाठवू नका. उरलेल्या संघांतून सात पोरी गोळा करा, गावच्या मुली उतरवा, हवं तर शिक्षकांनी उतरावं. गुण धरू नका. पण खेळ झाला पाहिजे.

यावर एक आक्षेप मला दिसतोच आहे, "बाई, यात पैसा किती जाईल?" फार नाही जाणार. स्पर्धेच्या उद्घाटनाचा मंडप, हारतुरे आणि पाहुण्यांची शाल-श्रीफळं थोडी कमी करा, बारा पोरींचं एसटी भाडं सहज निघेल. प्रश्न पैशाचा नाहीच. आलेल्याचा दिवस मोलाचा आहे हे आपल्याला मान्य आहे की नाही, एवढाच आहे. १८९५ मध्ये हडर्सफिल्डला जमलेल्यांना ते मान्य होतं. वडशाच्या कंपन्यांना मान्य आहे. फक्त टेबलामागे वही घेऊन बसणाऱ्यांना अजून मान्य नाही.

आणि आपल्या पत्रकार मित्रांनाही एक विनंती. "पुढे चाल मिळाली" असं छापू नका हो. "अमुक संघ साठ किलोमीटरवरून आला, त्याला खेळायला मिळालं नाही" असं छापा. बातमी तीच आहे, फक्त खरी आहे.

तुमच्यापैकी कुणी असं रिकाम्या मैदानावर "जिंकून" परत आला असाल तर जरूर लिहा. विशेषतः आमच्या भागातल्या शिक्षक मंडळींनी. वाचायला आवडेल.